पंडिता रमाबाई आणि धर्माचा ताठा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरच्या व घाटाखालच्या मंडळ्यांमध्ये जाणे-येणे असल्यामुळे एक गोष्ट वारंवार आमच्या दृष्टीस पडते. जो मनुष्य प्रभूकडे येतो तो दारू सोडतो, नवससायास सोडतो, गळ्यातील ताईत काढून टाकतो. परंतु आपण शेजाऱ्याहून काही अधिक आहो ही भावना सोडावयास त्यास फार जड जाते. पुष्कळदा ती भावना बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडत नाही; वस्त्र बदलून ती त्याच्याबरोबर मंदिरात येऊन बसते. एक कुटुंब म्हणते, आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, हे काल आलेले. दुसरे म्हणते, आमच्यांत उपास-प्रार्थना चालतात, पलीकडच्या मंडळीत नुसता आदितवारचा पाठ होतो. सोयरीक जमविण्याची वेळ आली म्हणजे पूर्वीची जात हळूच विचारली जाते. आणि उपदेशक बंधू रागावणार नसतील तर हेही सांगतो की, ज्यास शास्त्राची वचने तोंडपाठ असतात त्याच्या मानेत कधी कधी एक निराळाच ताठरपणा आलेला दिसतो.

या विषयावर बोध करीत बसण्यापेक्षा एका बाईंचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले. पंडिता रमाबाईंचे नाव ज्या घरात ऐकलेले नाही असे ख्रिस्ती घर आपल्यांत क्वचितच असेल. केडगावचे मुक्ती सदन, तेथील अनाथ मुली व विधवा, पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु गर्वाशी त्यांचा जो झगडा झाला, आणि जो ख्रिस्ती झाल्यावरही संपला नाही, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याविषयीच.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची समजूत असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईस, संस्कृत शिकविले व त्यासाठी पंडितांचा रोष पत्करला. पुढे त्याच मातेने आपल्या धाकट्या कन्येस, रमेस, शिकविले. शास्त्रीबुवांनी आपले धन यात्रेकरूंच्या अन्नदानात संपविले, आणि मग सारे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पुराण सांगत पायी फिरू लागले. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत तिला हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. लोक देवळात येऊन बसत, पुराण ऐकत, पुढे पैसा, फळ, धान्य ठेवीत. त्यावर निर्वाह चाले.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यातील तो दुष्काळ 1874 च्या सुमारास सुरू झाला, आणि या कुटुंबाचे जे हाल झाले त्यांचा वृत्तांत बाईंनी पुढे स्वतः लिहून ठेविला आहे. तो वाचताना मन विषण्ण होते. घरात तिघे-चौघे धडधाकट, विद्यासंपन्न माणसे. पण हातांनी काम करावयाचे म्हटले तर जात आड येई, विद्या आड येई, व्रते आड येत. मजुरी करणे हे कमीपणाचे, भीक मागणे तर त्याहून लज्जेचे. म्हणून शिल्लक होते ते दागिने, भांडी, वस्त्रे विकून देवांची पूजा केली, ब्राह्मणांस दाने दिली, उपास केले, आणि देव प्रसन्न होऊन धन देईल याची वाट पाहिली. शेवटी रानात जाऊन झाडांची पाने खाण्याची वेळ आली. शास्त्रीबुवा वृद्ध व अंध झाले होते. पवित्र तीर्थात देह टाकून सुटावे असे त्यांनी ठरविले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण जातीचा अभिमान बाजूला ठेवून मोलमजुरी करू व आईबापांस पोसू, असे त्याने सांगितले. पित्याने जलसमाधीचा विचार सोडला. परंतु उपासमारीने पोखरलेले शरीर फार दिवस टिकले नाही. आपण हिला देवाच्या हाती दिली आहे, हिने जन्मभर त्याचीच सेवा करावी, अशा अर्थाचे बोलणे मुलीजवळ करून ते वारले.

थोड्याच काळात माताही गेली. ती अखेरच्या दुखण्यात असता तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवासा वाटला. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण मागण्यासाठी तोंडातून शब्द निघेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. त्या बाईने पुनःपुन्हा विचारले तेव्हा कसेबसे त्यांनी मागितले, आणि भाकरी मिळाली. ती घेऊन त्या धावत आल्या, परंतु आईला ती खाववली नाही. तिचे प्रेत स्मशानात न्यावयास खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण मोठ्या मिनतवारीने आले. तिसरा भाऊ, आणि चौथ्या खांद्यास ही मुलगी. उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिरडी खांद्यावर येईना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. वाट कोसाच्या वर होती.

वाचकहो, पुढे कित्येक वर्षांनी बाईंनी हा प्रसंग आठवून जे लिहिले त्याचा भावार्थ असा की, जातीचा, श्रेष्ठ विद्येचा व व्रतांचा अभिमान आम्हांस खाली वाकू देईना, नाहीतर काही धंदा शिकून आईबापांचे प्राण आम्हांस वाचविता आले असते. दोष त्यांनी दुष्काळावर किंवा लोकांवर ठेविला नाही. आम्हांस वाटते की, त्यांच्या पुढील आयुष्यातील पुष्कळ गोष्टींचे मूळ या दुःखात आहे. केडगावास त्यांनी जे उभारले तेथे वाचन-लेखनाबरोबर प्रत्येक मुलीच्या हातास काम होते: विणकाम, शेत, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना. संस्कृत पंडिताची मुलगी दुसऱ्यांच्या मुलींस हातांचे काम शिकवीत होती, यामागे तो भाकरीचा तुकडा होता.

आईबाप गेल्यावर थोरली बहीणही गेली. भाऊ-बहीण दोघेच राहिले व त्यांनी हिंदुस्थानभर हजारो मैल पायी प्रवास केला. पंजाबाकडील थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नसल्यामुळे नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यांनी रात्र काढली आहे. या फिरण्यात, ज्या देवतांविषयी आईबापांनी एवढा भरवसा धरला त्यांच्यावरील विश्वास हळूहळू ढळला. 1878 साली ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. गावोगावी सभा, व्याख्याने, सत्कार सुरू झाले. असा मान एकाएकी मिळाला म्हणजे भल्याभल्यांचे डोके फिरते. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीचा विवाह केला. ते त्यांच्या जातीचे नव्हते, शूद्र मानलेल्या जातीचे होते. जातीची एक गाठ तेथे सुटली. परंतु संसार दोन वर्षांचाही झाला नाही. फेब्रुवारी 1882 मध्ये पती पटकीने गेले, आणि वर्षाच्या आतली मनोरमा घेऊन बाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले. येथेच नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांची गाठ पडली. गोरे शास्त्री हे काशीचे चित्पावन पंडित. ख्रिस्ती धर्माचे खंडन करावयास म्हणून ते मिशनरींकडे गेले होते, आणि 1848 साली जौनपूर येथे त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. नाव नहेम्या ठेविले. षड्दर्शनांवर एवढ्या अधिकाराने लिहिणारा दुसरा ख्रिस्ती लेखक त्या काळी नव्हता. असे असता हा मनुष्य स्वतःविषयी इतका साशंक व इतका लीन की, लोकांस त्याचे नवल वाटे. रमाबाईंस बुद्धिवादाने जिंकणे सोपे नव्हते. त्या वेळी त्यांची मते ब्राह्म समाजाच्या मतांजवळ होती, आणि पुढे त्यांनीच कबूल केले की, त्या मतांपासून आपले मन दुसऱ्या कोणी वळविले नसते. गोरे शास्त्र्यांच्या नम्र वाणीने ते वळविले. आपल्यांतील ज्यांस भर बाजारात दुसऱ्या धर्माची थट्टा करून लोक हसविण्यात सुवार्तेचे काम झाले असे वाटते, त्यांनी येथे क्षणभर थांबावे.

1883 साली बाई मुलीस घेऊन विलायतेस गेल्या. वाँटिज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांस आसरा दिला. लंडनातील फुलम येथे त्याच भगिनींचे पतित स्त्रियांसाठी एक काम होते, ते बाईंस दाखविण्यात आले. ज्यांस जगाने टाकून दिले त्यांची मनोभावे शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया त्यांनी आयुष्यात प्रथम पाहिल्या. असे का करिता, म्हणून त्यांनी एका भगिनीस विचारले. तिने उत्तरादाखल शोमरोनी स्त्रीचा, प्रभू विहिरीवर तिच्याशी बोलला तो, वृत्तांत वाचून दाखविला. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुष्कळ चरित्रे येथे घंटा वाजवून थांबतात. आमच्या मते येथून खरा प्रश्न सुरू होतो.

मठातील भगिनी जेरल्डीन ही बाईंची धर्ममाता झाली. मनोरमा तिला आजीबाई म्हणे व तिचा फार लळा होता. परंतु रमाबाई व जेरल्डीन यांच्यामध्ये लवकरच खटके उडू लागले. बाई शाकाहारी होत्या व अंडी घातलेले पक्वान्न घेत नसत. भगिनींस वाटे, ही अजून जातीस चिकटून आहे, हिचा गर्व गेला नाही. बाईंचे म्हणणे असे की, पूर्वजांची जी चाल ख्रिस्ताविरुद्ध नाही ती टाकण्याचे आपणास कारण दिसत नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती तेथे का असावी, लॅटिन भाषा आपल्या संस्कृताहून अधिक पवित्र आहे काय, हा त्यांचा प्रश्न. पुढे चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या शिकू व शिकवू लागल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनी शिकवावे की नाही यावर बिशपांची मते मागविण्यात आली आणि ती विरुद्ध पडली. बाईंनी स्पष्ट कळविले की, आपला विवेक आपण कोणा धर्माधिकाऱ्याच्या हाती दिलेला नाही. त्रैक्याविषयी व मतांगीकाराच्या काही कलमांविषयीही त्यांस शंका होत्या, त्या त्यांनी लपविल्या नाहीत. या सर्वांचा निष्कर्ष जेरल्डीनने एकाच शब्दात काढला: गर्व.

ही सारी पत्रे त्याच भगिनीने जपून ठेविली होती. 1977 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती पाहिली म्हणजे कोणाचा गर्व कोठे होता हे ठरविणे दिसते तेवढे सोपे राहत नाही. भगिनींचे प्रेम खोटे नव्हते. पण आपल्या मंडळीची रीत, आपल्या देशाचे जेवण, आपल्या लोकांची भाषा यांत जो शिरला नाही तो नम्र नव्हे, असे त्यांनी गृहीत धरले होते. आणि गृहीत धरलेल्या अहंतेचे वैशिष्ट्य हेच की, ती ज्याच्या ठायी असते त्यास दिसत नाही. आज तीच गोष्ट आपल्याकडे उलट अंगाने घडते. नव्याने आलेल्या बाईने कुंकू केव्हा पुसले, हिरव्या बांगड्या केव्हा काढल्या, यावरून आपण तिच्या विश्वासाचे माप घेतो. विलायतेच्या भगिनी पक्वान्नातील अंड्यावरून रमाबाईंचे माप घेत होत्या.

तथापि बाईंचीही बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही, आणि त्यांनीही म्हटले नाही. बिशपापुढे ताठ उभे राहणे हा गर्व नव्हे; त्या शेवटपर्यंत तशाच उभ्या राहिल्या आणि कोणत्याही एका मिशनच्या अंकित झाल्या नाहीत. परंतु त्या काळच्या त्यांच्या पत्रांत आणखी एक गोष्ट जाणवते. एक मोठी विदुषी सर्व धर्म तपासून त्यांतील उत्तम धर्म पसंत करीत आहे, आणि जे कलम बुद्धीस पटेल तेवढे स्वीकारीत आहे, असा त्यांचा सूर आहे. विद्यार्थिनीचा तो आहे, परीक्षकाचाही आहे. पापी मनुष्याचा मात्र क्वचितच.

अमेरिकेचा प्रवास येथे थोडक्यात आटोपतो. 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या तेथे गेल्या, 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, बोस्टन येथे साह्य करणारी मंडळी स्थापन झाली, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदन उच्च जातींच्या विधवांसाठी होते, तेथे सोवळ्याचे नियम पाळता येत, आणि कोणावरही धर्म लादला जाणार नाही असे वचन होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ सल्लागार होते. पुढे काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, 1893 साली मोठा गहजब झाला, सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली नेल्या. त्या वादात दोन्ही पक्ष काय काय बोलले ते येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही.

त्या गहजबाच्या दोन वर्षे आधी, कोणाच्याही डोळ्यांवर न येता, एक गोष्ट घडली होती. बाईंच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र आले. हा मनुष्य कित्येक वर्षे पाळकाचे काम करीत होता, मंदिरे बांधीत होता, विधी नेटके चालवीत होता. आणि 1851 साली एके आदितवारी व्यासपीठावर उपदेश करीत असता त्याच्या ध्यानात आले की, आपण लोकांस सांगतो तो उद्धार आपणासच मिळालेला नाही. त्याच उपदेशात त्याचे परिवर्तन झाले. पाळक आपल्याच उपदेशाने ख्रिस्ताकडे आला! हे वाचून रमाबाई थबकल्या. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली होती. दोन खंडांत त्यांचे नाव गाजले होते. त्यांच्यामुळे कित्येक विधवांस घर मिळाले होते. पण 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, त्या वेळी त्यांस उमगले ते असे: आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांनी धर्म स्वीकारला होता, बुद्धीस तो मान्य झाला होता, त्यातील सत्कर्मे त्या करीतही होत्या. परंतु आपण स्वतः हरवलेले आहो, आणि मंदिराच्या मागच्या बाजूस उभा राहून ऊर बडवणाऱ्या त्या जकातदारापेक्षा आपली योग्यता तिळभर अधिक नाही, हे पूर्वी कधी अंतःकरणास भिडले नव्हते.

प्रिय उपदेशक बंधूंनो, एका पंडितेस, जिच्यावर इंग्लंड-अमेरिकेतील ख्रिस्ती लोक भाषणे करीत होते तिला, असे लिहावयास किती जड गेले असेल याचा विचार करा. आठ वर्षांचे आपले ख्रिस्तीपण अपुरे होते असे चारचौघांत छापून सांगावयाचे, आणि तेही ज्या पुण्यात शत्रू टपून बसलेले त्या पुण्याजवळ राहून! वाँटिजच्या भगिनींनी तिला नम्र करण्याची खटपट केली ती सफळ झाली नाही. कोणी पाहत नसताना एका पुस्तकाच्या पानापुढे ती वाकली.

याचे फळ काय दिसले म्हणाल तर 1896-97 चा दुष्काळ. मध्यप्रांतातून भुकेलेल्या मुलींच्या, स्त्रियांच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या. आपलेच बालपण त्यांस रस्त्यावर पडलेले दिसले. थोड्या महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते, म्हणून पुण्याच्या पूर्वेस रेल्वेलगत केडगाव येथे जी जमीन त्यांनी घेतली होती तेथे, इमारत नसता, तंबू व झोपड्यांत त्यांस ठेविले. मुक्ती सदन ते हेच. 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळात, जो आपल्या वऱ्हाडावरही कोसळला होता, गुजराथेतून आणखी शेकडो आल्या, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या मुली कोण होत्या? शारदा सदनात ब्राह्मण स्वयंपाकीण होती व पंक्तीचे नियम होते. केडगावास ज्या आल्या त्यांत सर्व जातींच्या होत्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ अनंतशास्त्र्यांच्या घराण्यात मानला गेला असता अशा घरच्याही होत्या. अंगावर उवा, पोटात रोग, मनाने रानटी झालेल्या, चोरी व शिव्या शिकलेल्या. त्यांस न्हाऊ घालणे, त्यांच्या जखमा धुणे, रात्री त्या पळून जाऊ नयेत म्हणून जागणे हे काम होते. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन व पतित स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलम येथे एका भगिनीस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाईंनी आपल्या हातांनी लिहिले ते असे. स्वतः त्या पांढरे सुती लुगडे नेसत, विधवेसारखे केस आखूड ठेवीत, आणि शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. जेरल्डीनशी झालेल्या वादात त्यांनी जे टाकले नव्हते ते नंतरही टाकले नाही. त्यास आता कोणी गर्व म्हटले असते तर केडगावच्या मुली हसल्या असत्या.

1905 सालच्या संजीवनाविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते, म्हणून दोन शब्द. जानेवारीत बाईंनी प्रार्थनेसाठी मुली मागितल्या, प्रथम सुमारे सत्तर पुढे आल्या. जूनच्या अखेरीस मोठी जागृती झाली. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या. काही निराळ्या भाषांत बोलल्या. काही पाश्चात्य ख्रिस्ती लोकांस हा गोंगाट आवडला नाही. हिंदी लोकांस आपल्या रीतीने देवाची भक्ती करू द्यावी, असे बाईंचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने, ज्यांस हे अनुभव आले त्या श्रेष्ठ व ज्यांस आले नाहीत त्या कमी, असे मापही त्यांनी लाविले नाही. आपल्याकडे मात्र निराळ्या भाषेत बोलणारा न बोलणाऱ्यास थंड म्हणतो, आणि न बोलणारा बोलणाऱ्यास वेडा म्हणतो. दोघेही आपापल्या मंडळीच्या दारात उभे राहून परूश्याचीच प्रार्थना करीत असतात, फक्त सूर निराळा असतो.

आता शेवटचे काम. त्या काळी आपल्या लोकांत चालू असलेल्या मराठी पवित्र शास्त्राची भाषा बाईंस फार संस्कृतप्रचुर वाटे. शिकलेल्यास ती गोड लागे, परंतु खेड्यातील बाईस, नुकती अक्षरे जुळवू लागलेल्या मुलीस, ती अडे. शिवाय त्यांतील काही शब्दांस जुन्या देवधर्माच्या समजुती चिकटलेल्या आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी संपूर्ण शास्त्राचे साध्या मराठीत नवे भाषांतर करावयाचे मनात घेतले, आणि त्यासाठी उतार वयात इब्री व ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे चालले. दिवसा सदनाचा कारभार, आणि उरलेला वेळ या कामास. कान अधू झाले होते, प्रकृती थकली होती.

यातील गंमत, गंमत म्हणावी की काय कोण जाणे, अशी की, हजारो संस्कृत श्लोक ज्यांच्या जिभेवर त्या पंडितेने पानोपानी संस्कृत शब्द गाळावयाचे व्रत घेतले. संस्कृत हाच त्यांच्या घराण्याचा वारसा. बापाने त्यासाठी लोकनिंदा सोसली, कलकत्त्याने त्यासाठी पदव्या दिल्या, इंग्लंडात त्यांनी त्याची बाजू लॅटिनापुढे मांडली. तीच गोष्ट त्यांनी चूल फुंकणाऱ्या बाईसाठी बाजूला ठेविली. सत्य सांगावयाचे तर ते भाषांतर सर्वत्र सोपे झाले आहे असे नाही. मूळ भाषेतील शब्दाला शब्द धरण्याच्या नादात कित्येक वाक्ये अवघड व ओबडधोबड झाली आहेत, आणि मंडळ्यांत वाचनासाठी ते फारसे रूढ झाले नाही. आपल्या गावोगावच्या मंदिरांत आज दुसरेच भाषांतर वाचले जाते. विद्वान लोकांस त्यात दोष काढावयास पुष्कळ जागा आहे, आणि बाईंस हे कळत नसेल असे म्हणता येत नाही, कारण सुंदर भाषा कशास म्हणतात हे त्यांच्याहून चांगले कोणास ठाऊक होते? नाव राखावयाचे असते तर त्यांनी संस्कृत वृत्तांत ख्रिस्तचरित्र लिहिले असते, आणि काशीपासून कलकत्त्यापर्यंत वाहवा झाली असती.

हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले जात होते. खिळे जुळविणाऱ्या, पाने बांधणाऱ्या सर्व मुली व स्त्रियाच. त्यांतल्या कित्येक दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणिलेल्या. मजकुरातील एखादा शब्द त्या मुलींस कळला नाही तर तो कोणासाठी लिहिला, हा प्रश्न तेथल्या तेथे उभा राही.

1919 साली सरकारने बाईंस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. तीच सदनाची पुढची धनीण व्हावयाची होती, मुलींची शाळा तीच पाहत असे. चाळीस वर्षांची होती. दुष्काळात आई-बाप, नंतर बहीण, भाऊ, पती, आणि आता ही. बाई मुद्रिते तपासीत राहिल्या. सर्व शास्त्र छापून झालेले पाहावयास त्या राहिल्या नाहीत. परंतु शेवटची मुद्रिते तपासून हातावेगळी केल्यावर थोड्याच अवधीत, 5 एप्रिल 1922 रोजी, पहाटेच्या सुमारास झोपेतच त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्यांस चौसष्टावे वर्ष संपावयास थोडे दिवस कमी होते.

केडगावच्या मुलींनी उरलेली पाने छापून काढली, आणि 1924 साली ते संपूर्ण शास्त्र बाहेर पडले.